मुदत संपायच्या आत

भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोदामांत हजारो माणसं कामाला आहेत. कुणी खोकी उचलतं, कुणी चिकटपट्टी मारतं, कुणी गाड्या लावून घेतं. किशन तारखा वाचायचा. आलेल्या प्रत्येक मालावर मुदत छापलेली असते. ती बघायची, आणि ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी बाहेर काढायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण छतापर्यंत गेलेले रॅक आणि त्यातली पन्नास हजार खोकी बघितली की भल्याभल्यांची बोबडी वळते. किशनची कधी वळली नाही. अकरा वर्षांत त्याच्या हाताखालचं एकही खोकं मुदत संपून पडून राहिलं नव्हतं, आणि हे तो चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही सांगायचा, त्याने विचारो वा न विचारो.

मूळचा तो दिघाशीकडच्या पाड्यावरचा. बापाने जन्मभर मोलमजुरी केली, थोडा भात पिकवला, आणि त्याच्या अंगावर कधी मूठभर चरबी चढली नाही. किशन गोदामात हमाल म्हणून लागला. तिथे माधवसाहेब सुपरवायझर होते. भिवंडीतल्या जुन्या घरातले, बोलायला गोड आणि कामात कडक. हा पोरगा खोकं खांद्यावर घेता घेता त्यावरची तारीख वाचतो, हे त्यांनी हेरलं आणि त्याला हमालीतून काढून एक्स्पायरीच्या कामावर घातलं. तेव्हापासून माधवसाहेबांचा शब्द किशनला देवाच्या जागी. वडप्यातच भाड्याची खोली घेतली, बायकोला, सरूला, आणि चार वर्षांच्या पूर्वाला पाड्यावरून आणलं, आणि गडी मार्गाला लागला.

पुढे पुढे हे तारखांचं खूळ घरातही शिरलं. मिठाच्या पुड्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यावर त्याची नजर फिरायची. भाजीवर तारीख छापत नाहीत, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. सरू म्हणायची, "एक दिवस माज्या कपाळावर बी तारीख बघाल." तो हसायचा. पण त्याच्या या खुळाची एक बाजू सगळ्या घराला गोड लागायची. मुदतीला महिना-दीड महिना उरलेला माल दुकानदार घेत नाहीत. मग माधवसाहेब म्हणायचे, न्या रे ज्याला हवं ते, टाकून देण्यापेक्षा बरं. किशन बिस्किटं आणायचा, फळांचा म्हणून विकला जाणारा गोड रस आणायचा, चॉकलेटची पावडर आणायचा. आणि आणलं म्हणजे ते मुदतीच्या आत संपलंच पाहिजे. साठ पुडे असले आणि दिवस तीस असले तर रोज दोन. त्याच्या लहानपणी बिस्किटाचा एक पुडा चार भावंडांत फुटायचा. आपली पोरगी पुडाच्या पुडा खाते, हे बघून त्याची छाती भरून यायची.

पूर्वा पंधराची झाली तेव्हा तिचं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. पोरगी गुणाची, अभ्यासात बरी, बोलायला कमी. शाळेच्या कवायतीत मागच्या रांगेत उभी राहायची. किशन तिला लाडाने 'ट्रक' म्हणायचा. ती हसायची, म्हणून त्याला वाटायचं की तिला ते आवडतं.

यंदा दिवाळीनंतर पाड्यावर पुतण्याच्या हळदीला सगळे गेले. पूर्वाने केस वर बांधले होते. किशनची थोरली बहीण, आक्का, हळद लावायला म्हणून पुढे आली आणि पोरीच्या मानेकडे बघत राहिली. मानेवर मागून काळाकुट्ट जाड पट्टा, वळ्यावळ्यांत साचल्यासारखा.

"आरं किशन," आक्का भरल्या मांडवात म्हणाली, "तुजी बायकू पोरीला अंगोल घालते का न्हाय? किती मल हाय ह्यो."

बायका हसल्या. सरूचा चेहरा उतरला. घरी परतल्यावर तिने पाय घासायची वजरी घेतली आणि पोरीची मान घासली, दुसऱ्या दिवशी घासली, तिसऱ्या दिवशी रक्त आलं. काळं गेलं नाही. आणि किशन? त्या दिवसापासून तो पोरीबरोबर बाजारात जाईना. गेलाच तर चार पावलं पुढे चालायचा. ट्रक म्हणायचंही त्याने सोडलं. तिच्याशी बोलणंच सोडलं म्हणा ना. कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, छे, असं काही नाही. बापांना असल्या गोष्टी स्वतःच्या स्वतःला कळत नाहीत.

रक्त आलं म्हणून सरू तिला भिवंडीत डॉक्टर नीरजाबाईंकडे घेऊन गेली. रक्ताचे कागद आले त्या दिवशी किशनही हाफ डे टाकून गेला.

"हा मळ नाही," नीरजाबाई म्हणाल्या. "कितीही घासा, जाणार नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन भरपूर तयार होतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून शरीर आणखी तयार करतं, आणखी तयार करतं. त्या जादा इन्सुलिनने मानेवर असं काळं येतं. साखरेच्या आजाराची ही आधीची पायरी. अजून वेळ गेलेली नाही."

किशन खुर्चीच्या कडेवर बसला होता, तो नीट मागे सरकून बसला. पंधरा वर्षांच्या पोरीला साखर? त्याच्या सात पिढ्यांत कुणाला झाली नव्हती.

"आणि व्हिटॅमिन डी फारच कमी आहे," बाई पुढे म्हणाल्या.

"कमी?" किशनला हसावं की रागवावं कळेना. "म्याडम, हिला खायला काय बी कमी न्हाय. कमी कसा होईल?"

"वजन जास्त असतं त्यांच्यात बऱ्याचदा कमीच सापडतं. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं. मग चरबी ते धरून ठेवते, रक्तात कमी राहतं." त्यांनी कागदावर लिहिलं. आठवड्याला एक गोळी, साठ हजार युनिटची, दुधाबरोबर, आठ आठवडे. रोज पाऊण तास चालणं. बिस्किटं, गोड रस बंद. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "परवडेल ना?"

या एका प्रश्नाने घात केला. नीरजाबाईंनी तो चांगुलपणाने विचारला होता. किशनच्या डोक्यात मात्र तो भलत्या खणात जाऊन बसला. बाईंनी आपला अवतार बघून हात आखडता घेतला. पैसेवाल्याला रोज एक लिहिली असती, आपल्याला आठवड्याला एक. बिचारीला काय ठाऊक की किशन कुठे कामाला आहे.

कारण त्यांच्या गोदामात आता औषधी कंपनीचा माल यायला लागला होता, आणि मागच्या बाजूच्या रॅकवर, डिसेंबरअखेर मुदत संपणाऱ्या मालात, नेमकी तीच साठ हजाराची गोळी पडून होती. अकरा स्ट्रिपा, चव्वेचाळीस गोळ्या. शेजारी ए आणि ई व्हिटॅमिनच्या पिवळ्या, तेलकट कॅप्सुलांचे डबे, त्यावर मोठ्या अक्षरांत 'अँटीऑक्सिडंट'.

"साहेब, ह्याचा अर्थ काय?" त्याने माधवसाहेबांना विचारलं.

"शरीराला आतून गंज चढतो म्हणतात ना, तो थांबवतं ते," माधवसाहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाले. "घेऊन जा हवं तर. व्हिटॅमिनच आहे, ताकदीचं असतं."

गंज म्हटल्यावर किशनच्या डोळ्यांपुढे पोरीची मान आली. रॅकच्या लोखंडावर गंज चढतो तो असाच, कडेकडेने, काळपट, खरखरीत. हिला गंज चढलाय, आणि गंज काढायचं औषध आपल्या हाताशी आहे. इतकं सरळ गणित त्याला आयुष्यात कधी सापडलं नव्हतं. त्याने सगळा माल घरी आणला आणि हिशेब मांडला. गोळ्या चव्वेचाळीस, मुदत संपायला दिवस सेहेचाळीस. म्हणजे रोज एक. पिवळ्या कॅप्सुला सकाळी दोन, संध्याकाळी दोन. एकही वाया जायला नको.

मग त्या घरात एक नवी सकाळ सुरू झाली. सहाच्या सुमारास किशन स्वतः उठून दूध गरम करायचा, पेल्यात ओतायचा, पूर्वाला हलवून उठवायचा. ती गोळी घेईपर्यंत तिच्या अंथरुणाशी मांडी घालून बसायचा. मग तिचे केस बाजूला करून मान बघायचा. "निघतोय ग," म्हणायचा. "थोडा पातल झालाय." झालेला काही नसायचा, पण त्याला दिसायचा. कधी गोदामातली गंमत सांगायचा, कधी आपल्या लहानपणची. सरूला नवल वाटायचं की या माणसाला एवढं बोलता येतं.

चार आठवडे सगळं ठीक होतं. पाचव्या आठवड्यात पूर्वाचे ओठ फुटायला लागले. थंडी आहे, सरू म्हणाली. मग डोकं दुखायला लागलं. दहावीचं वर्ष, वाचून दुखत असेल. मग तिला तहान लागायला लागली. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची आणि दर तासाला उठायची. जेवण जाईना, आणि गेलं ते उलटायला लागलं. किशन खूश होता, कारण वजन उतरत होतं. चाळिसाव्या दिवशी शाळेतून निरोप आला की पूर्वाला फळ्यावरचं दोन-दोन दिसतंय आणि ती काहीबाही बोलतेय.

"साखर चढली," सरू रिक्षात रडत म्हणाली. "म्याडम बोलल्या व्हत्या, साखर चढंल."

नीरजाबाईंनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. ती जवळपास ठीक होती. त्यांचा चेहरा त्यामुळे उजळायच्या ऐवजी गंभीर झाला. त्यांनी स्वतः फोन करून पूर्वाला त्या जिथे जात असत त्या हॉस्पिटलात दाखल करून घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आले. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं आणि मूत्रपिंडांवर ताण आला होता. एवढ्या लहान मुलीत असं का व्हावं, हे त्यांनाही उमगेना. ग्रंथीची गाठ असू शकते, त्या म्हणाल्या. आणखी वाईट काही असू शकतं, तेही बघावं लागेल. सरूने त्या वाईटाचं नाव विचारलं नाही. ते तिला न विचारताच कळलं.

"घरी काही औषधं चालू होती?" नर्सने कागद भरताना विचारलं.

"काय बी न्हाय," किशनने सांगितलं. यात त्याने काही लपवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. औषध म्हणजे औषध, आणि व्हिटॅमिन म्हणजे ताकद. खायला-प्यायला काय देता, असं नर्सने विचारलं असतं तर त्याने त्या गोळ्याही सांगितल्या असत्या. नीरजाबाईंना वाटलं, आपण लिहिली ती आठवड्याची गोळी चालू आहे, आणि त्यात काही वावगं नव्हतं. तरी त्यांनी त्या व्हिटॅमिनची पातळीही तपासायला पाठवली. तो रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजाबाई राउंडला आल्या तेव्हा किशन खाटेशी बसला होता. खालच्या कँटीनमधून त्याने दूध आणलं होतं. पूर्वाच्या एका हाताला सलाइन होतं, ओठांवर सालं निघाली होती, डोळे अर्धे मिटलेले. किशनने खिशातून स्ट्रिप काढली, गोळी बाहेर दाबली आणि म्हणाला, "आ कर." पोरीने तोंड उघडलं.

"काय देताय तिला?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"व्हिटॅमिन, म्याडम. तुमीच लिवलेली."

"आज वार कोणता?"

"गुरुवार." किशनला प्रश्न कळला नाही. "रोजची हाय ना. आज येकेचालीसावी. खाडा न्हाय केला येक दिवस बी."

नीरजाबाई झपाट्याने पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या बोटांतून ती गोळी काढून घेतली. मग त्याच्या पिशवीतून डोकावणारा पिवळ्या कॅप्सुलांचा डबा काढून लेबल वाचलं, आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. वीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, पण तिने ते लेबल पुन्हा एकदा वाचलं. किशन तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आठ आठवड्यांत आठ द्यायच्या होत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही चाळीस दिवसांत चाळीस दिल्यात. वर हे ए व्हिटॅमिन. डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, ते यानेच. गाठ नाही, दुसरंही काही नाही. हे आपणच केलंय."

आपणच म्हणाल्या त्या. तुम्ही म्हणाल्या नाहीत. किशनला मात्र 'तूच' असंच ऐकू आलं. तो खाटेचा दांडा धरून खाली जमिनीवर बसला. सरू दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, नवऱ्याला वळसा घालून पोरीच्या उशाशी बसली, आणि तो तिथेच मेल्याहून मेला झाला.

"व्हिटॅमिन हाय म्याडम," तो पुटपुटला. "त्यानं काय व्हतंय? जादा झाला तर निघून जात न्हाय?"

"काही निघून जातात. बी, सी पाण्यात विरघळतात, जादा झालं की लघवीतून बाहेर. ए, डी, ई, के ही तेलात विरघळणारी. ही साठतात. पूर्वाच्या शरीरात साठायला जागा खूप, म्हणून महिनाभर काही जाणवलं नाही. जागा भरली आणि मग रक्तात उसळलं. आता गोळी बंद केली तरी साठलेलं पुढचे काही महिने आतून थोडं थोडं निघत राहील."

बाकीचं किशनला कळायला अवघड होतं, पण हे अवघड नव्हतं. माल आत येतोय, रोज येतोय, आणि बाहेर जायला दरवाजाच नाही. अकरा वर्षं ज्या माणसाने एक खोकं साचू दिलं नाही, त्याने हे स्वतःच्या पोरीत साचवलं होतं. आणि तेव्हाच त्याला दुसरीही गोष्ट दिसली, जी त्याला कुणीच सांगितली नव्हती. गोळ्या चाळीस दिवसांच्या होत्या. बिस्किटं दहा वर्षांची होती. ही चरबी, ती मान, ती साखरेची पायरी, सगळं त्यानेच पिशव्या भरभरून घरी आणलं होतं, आणि मुदत संपायच्या आत संपवायला लावलं होतं. तो तोंडावर हात दाबून बसून राहिला.

पुढचे पाच दिवस त्याने रजा टाकली. माधवसाहेब भेटायला आले, बाहेरच्या बाकावर बसले, आणि "मी नुसतं वाचून दाखवलं रे" एवढंच तीन वेळा बोलून गेले. किशनने त्यांना दोष दिला नाही. सलाइन चालू होतं, रोज रक्त काढत होते, रोज कॅल्शियमचा आकडा येत होता. तारखा वाचणारा माणूस आता तो एकच आकडा वाचायचा. तो उतरत होता. डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, नजर वाचली. सहाव्या दिवशी नीरजाबाई म्हणाल्या की मूत्रपिंडं सावरतायत. वेळ लागेल, पण सावरतील.

त्या दुपारी सरू घरी आंघोळीला गेली होती. पूर्वा उशीला टेकून बसली होती. किशनने आठवडाभर जे तोंडात घोळवलं होतं ते एकदाचं बाहेर काढलं.

"पूर्वा, मना माहीत नव्हता ग. मना वाटला रोजची दिली तर लवकर बरी व्हशील. मना खरंच माहीत नव्हता."

"मला माहीत होतं," पूर्वा म्हणाली.

किशनला वाटलं, पोरगी अजून भ्रमात बोलतेय.

"स्ट्रिपवर लिहिलंय ना, आठवड्यातून एकदा. डॉक्टरांच्या कागदावर पण होतं. मी दुसऱ्याच दिवशी वाचलं."

"मंग बोलली का न्हायस?"

तिने चादरीचा काठ बोटांत धरला.

"आठवड्यातून एकदा म्हटलं असतं, तर तू आठवड्यातून एकदाच बसला असतास."

किशनने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"हळदीपासून तू माझ्याशी बोलत नव्हतास, बाबा. बाजारात पुढे पुढे चालायचास. गोळी सुरू झाली आणि तू रोज बसायला लागलास. मानेला हात लावायचास." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, शाळेतलं काही सांगावं तसं सांगितलं. "मला वाटलं, व्हिटॅमिनच तर आहे, काय होतंय."

कॅल्शियमचा आकडा, डोळे, मूत्रपिंडं, सगळं ऐकताना हा माणूस बसला होता, ताठ बसला होता. आता त्याला बसवेना. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा बसला. जे खरं होतं तेच तो बोलला.

"आता गोली बंद हाय."

"माहितीय," पूर्वा म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "तरी बसशील?"

किशनने हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आला नाही, नुसता हुंदका आला, मोठा, आवरता न येणारा. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.